दिनविशेषाच्या फळ्याचं एक वर्ष

“आज १८ जुलै. आज स्मृती मानधना यांचा स्मृतिदिन.”

परिपाठाच्या माइकवरून एवढं वाक्य बाहेर पडलं आणि सातवीच्या रांगेतून एक मुलगी जागेवरूनच ओरडली, “ओ बाई, जित्ती हाय की ती!” अख्खं ग्राउंड हसलं. मोठे सर तेवढे हसले नाहीत.

चूक वाचणाऱ्या पोराची नव्हती, माझी होती. फळ्यावर मी दोन ओळी लिहिल्या होत्या. वर ‘अण्णा भाऊ साठे, स्मृतिदिन (१९६९)’, खाली ‘स्मृती मानधना (१९९६)’. खालच्या ओळीत ‘वाढदिवस’ हा शब्द घाईत राहून गेला. पोरानं वरचा शब्द खाली ओढून घेतला. स्मृतीचा स्मृतिदिन, त्याच्या कानाला त्यात काहीच खटकलं नाही. बरं, स्मृती वाढली ती आमच्या सांगलीतच, माधवनगरला. दुसरं कुठलंही नाव चुकलं असतं तर खपून गेलं असतं. दुपारच्या सुट्टीपर्यंत दोन पालकांचे फोन येऊन गेले.

हे काम माझ्या गळ्यात पडलं त्याला कारण कृष्णामाई. आधीच्या बाईंनी वर्षानुवर्षं भरत आणलेली दिनविशेषाची एक जाड वही शाळेत होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी वर्गात शिरलं तेव्हा ती कपाटाच्या खालच्या खणात होती. पाणी ओसरल्यावर हाताला लागला तो लगदा. मग कोरोना आला. शाळा पुन्हा नीट भरायला लागली त्या जूनमध्ये सरांनी सांगितलं, “दिनविशेष आता तुमच्याकडं.” मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. मोबाइलवर रोज सकाळी कुणी ना कुणी तयार यादी ढकलतंच, ती बघून उतरवायची. महिनाभर तेच केलं आणि १८ जुलैला तोंडावर आपटले.

मग नियम केला. दोन छापील ठिकाणी सापडल्याशिवाय नोंद फळ्यावर जाणार नाही. दोनशे पानी वही आणली, प्रत्येक तारखेला अर्धं पान. शनिवारी शाळा सुटली की नगर वाचनालयात जाऊन बसायचं. मराठी विश्वकोशाचे खंड या कामाला फार सोयीचे. नावापुढं लगेच कंसात जन्म आणि मृत्यूची तारीख, शोधत बसावं लागत नाही. त्याशिवाय थोर व्यक्तींच्या जयंत्यांचं सामान्य प्रशासन विभागाचं परिपत्रक दर वर्षी येतंच. त्यातल्या तारखा चुकवून चालत नाही.

तरी अडायचं. वि. स. खांडेकर सांगलीत जन्मलेले, म्हणजे ते आमच्या फळ्यावर हवेतच. पण एका पुस्तकात ११ जानेवारी, दुसऱ्यात १९ जानेवारी. साल दोन्हीकडं १८९८. मी त्यांची २ सप्टेंबरची पुण्यतिथी लिहून मोकळी झाले.

तारखेपेक्षा शब्दांनी जास्त छळलं. जिवंत माणसाचा वाढदिवस, गेलेल्याची जयंती. गेला त्या दिवसाला पुण्यतिथी किंवा स्मृतिदिन. बाबासाहेबांसाठी महापरिनिर्वाण दिन, संभाजी महाराजांसाठी बलिदान दिन, सैनिकासाठी हौतात्म्य. एकाच्या ठिकाणी दुसरा शब्द पडला की कुणाचं ना कुणाचं मन दुखावतंच, आणि ते बरोबरच आहे. शेवटी मी जन्म पिवळ्या खडूनं आणि मृत्यू पांढऱ्या खडूनं लिहायला लागले. वाचणाऱ्या मुलाला आधीच बजावायचं, “पिवळं असलं तर हसून वाच.”

खरी चव लागली ती १ ऑगस्टला. टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठ्यांची जयंती एकाच दिवशी, हे महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. मलाही होतं. फळ्यावर पांढऱ्या खडूनं १९२० लिहिलं, पिवळ्या खडूनं १९२० लिहिलं, आणि हात थांबला. इतकी वर्षं मी ही भाषणं ऐकली, मुलांकडून पाठ करून घेतली, पण साल कधी शेजारी शेजारी ठेवून बघितलं नव्हतं. नुसती तारीख एक नाही, दिवसच एक आहे. मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत सरदारगृहात लोकमान्य गेले, आणि त्याच दिवशी वाळवा तालुक्यात वाटेगावच्या मातंग वस्तीत तुकाराम साठे नावाचं पोर जन्माला आलं. तिकडं चौपाटीवर माणसांचा समुद्र लोटलेला. इकडं वस्तीबाहेर कुणाला पत्ता नाही. पुढं हाच पोरगा बापाबरोबर वाटेगावाहून चालत त्याच मुंबईला गेला. शाळेत तो जेमतेम दीड दिवस टिकला होता. हे मी माइकवर सांगितलं तेव्हा शेवटच्या रांगेतल्या काही चेहऱ्यांवर जी तरतरी आली, ती मला आवडली की नाही, सांगता येत नाही.

त्याच फळ्यावर तिसरी ओळ होती, महसूल दिन. ती आमच्या शिपाईमामांच्या हट्टाखातर, त्यांचा मुलगा तलाठी आहे. आणि चौथी ओळ, १ ऑगस्ट १९४९, सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला. तोच पुढं १९६० साली सांगली जिल्हा झाला. म्हणजे अण्णा भाऊंच्या एकोणतिसाव्या वाढदिवशी त्यांच्या गावाचा जिल्हा बदलला! एका मुलीनं विचारलं, “मग ते साताऱ्याचे का सांगलीचे?” यशवंतराव चव्हाणांचंही तेच. १२ मार्च १९१३ ला देवराष्ट्रे गावी जन्म, गाव तेव्हा साताऱ्यात, आता सांगलीत. आमच्या स्टाफरूममध्ये एक सर साताऱ्याचे आहेत, त्यामुळं हा विषय निघाला की चहा गार होतो.

६ डिसेंबरला पुन्हा चुकले. चुकले म्हणजे, लिहिलं ते बरोबर होतं, लिहायचं ते राहिलं होतं. नातवाला सोडायला आलेले एक आजोबा फाटकातून आत आले, काठी टेकून फळ्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, “क्रांतिसिंह कुठं हायत?” नाना पाटील १९७६ साली ६ डिसेंबरलाच गेले, बाबासाहेबांनंतर बरोबर वीस वर्षांनी. ज्यांच्या प्रतिसरकारानं इंग्रजांना याच मुलखात घाम फोडला, ते सांगलीच्या शाळेच्या फळ्यावर नाहीत. आजोबा वाळव्याकडचे. “आमच्याकडं सहा डिसेंबरला दोन हार लागत्यात बाई,” एवढंच बोलले. मी त्यांच्यासमोरच पांढरा खडू घेतला. मोठ्या माणसाच्या तारखेखाली दुसरा मोठा माणूस असा झाकला जातो. तेव्हापासून वहीत प्रत्येक पानावर एक चौकट आखली, ‘आपल्याकडचे’. आधी ती भरायची, मग जग.

ही चौकट भरताना भारी जोड्या सापडल्या. २६ जूनला राजर्षी शाहू आणि नागठाण्याचे बालगंधर्व. १२ फेब्रुवारीला नाना फडणवीस, जन्म १७४२, साताऱ्याचा. त्याच तारखेला १८०९ मध्ये एकाच दिवशी चार्ल्स डार्विन आणि अब्राहम लिंकन. पाचवीतल्या एकानं विचारलं, “जुळे होते का?” एक इंग्लंडात, एक अमेरिकेत, हे सांगूनही त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. ११ मार्चला मात्र पंचाईत. १६८९ साली त्या दिवशी संभाजी महाराजांची हत्या झाली, आणि १९१५ साली त्याच दिवशी सांगलीत विजय हजारे जन्मले. ॲडलेडच्या एकाच कसोटीत दोन्ही डावांत शतक ठोकणारा माणूस, १९५२ साली मद्रासला भारतानं कसोटीतला पहिला विजय मिळवला तेव्हाचा कप्तान. त्यांना गाळणं माझ्यानं होईना, आणि बलिदानाच्या ओळीखाली पिवळा खडू चालवायला हात धजेना. शेवटी परिपाठात आधी दोन मिनिटं शांतता ठेवली. हजाऱ्यांची गोष्ट खेळाच्या तासाला सांगितली.

५ नोव्हेंबर, ज्या दिवशी १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी पहिला नाट्यप्रयोग केला, तो दिवाळीच्या सुट्टीत बुडाला. ९ मे, गोखल्यांची जयंती आणि कर्मवीर भाऊराव पाटलांची पुण्यतिथी, तो उन्हाळ्यात. रविवारचं तेवढं शनिवारी लिहून ठेवता येतं.

शिवजयंतीला गाडी रुळावरून घसरली. १९ फेब्रुवारीच्या पानावर माझ्याकडं कोपर्निकस (१४७३), शिवाजी महाराज (१६३०) आणि पांढऱ्या खडूत गोखले (१९१५) होते. मी हौसेनं सांगून बसले की ही तारीख जुन्या, ज्युलियन कॅलेंडरची आहे, आजच्या कॅलेंडरनं मोजली तर फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, हा दिवस १ मार्च १६३० ला पडतो. झालं. आठवीचा वर्ग पेटला. “मग आपण चुकीच्या दिवशी करतो?” “तिथीवालं बरोबर का तारीखवालं?” मला घाम फुटला, कारण या विषयावर गावात मिरवणुका दोन निघतात.

दुसऱ्या दिवशी कॅलेंडरच फळ्यावर काढलं. पोपनं १५८२ साली दहा दिवस गाळून नवं कॅलेंडर आणलं, स्पेननं लगेच घेतलं, इंग्लंड हटून बसलं. म्हणून शेक्सपिअर आणि सर्वांतेस दोघांच्याही नावापुढं २३ एप्रिल १६१६ लिहितात, पण शेक्सपिअर गेला तेव्हा सर्वांतेसला जाऊन दहा-अकरा दिवस झाले होते. तारीख एक, दिवस वेगळा. १ ऑगस्टच्या बरोबर उलट. इंग्रजांनी शेवटी १७५२ मध्ये बदल केला तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. एक पोरगं लगेच, “म्हणजे पाच सप्टेंबरवाल्याला त्या वर्षी केकच नाही?” याच्यापेक्षा चांगलं मला समजावता आलं नसतं. महाराजांचं म्हणाल तर कॅलेंडर कुठलंही घ्या, दिवस तोच, नाव बदलतं, एवढ्यावर वर्ग शांत झाला.

मुलांचे वाढदिवसही फळ्यावर असायचे. गणिताच्या सरांनी पैज लावली की चाळीस जणांच्या वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते, आणि तेवीस जण असले तरी निम्म्याहून जास्त. कुणाचा विश्वास बसेना. सातवीत जोडी निघाली.

यासाठी जनरल रजिस्टर उघडलं, तेव्हा सहज म्हणून जुन्या खंडांतही डोकावले. ते वरच्या खणात होते म्हणून पुरातून वाचले. साठ-सत्तर सालची पानं. जन्मतारखेच्या रकान्यात १ जून, १ जून, १ जून, पानभर. मूल शाळेत आणलं की गुरुजी हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावायला सांगायचे. पोचला की सहा वर्षं पूर्ण, लिहा एक जून. माझ्या वडिलांचाही एक जूनच. एसटीचाही तोच, १९४८ साली पुणे–अहमदनगर पहिली गाडी सुटली तो. पण एसटीचा खरा आहे.

डिसेंबरातली एक गोष्ट सांगायची राहिली. ११ डिसेंबर रविवारी येत होता, म्हणून शनिवारी फळा लिहीत होते. पिवळ्यात दिलीपकुमार आणि विश्वनाथन आनंद, पांढऱ्यात ‘१९६७, कोयना भूकंप’. आमच्या पोषण आहाराच्या मावशी खिचडीचं पातेलं उतरवून फळ्यापाशी आल्या. वाचता येतं त्यांना, सावकाश. बोट ठेवून वाचलं आणि म्हणाल्या, “ह्याच्या पाचव्या दिशी मी झाले.”

मावशींचं माहेर पाटण तालुक्यातलं. भूकंप पहाटे साडेचारच्या आत झाला. भिंती पडल्या होत्या, वर छप्पर घ्यायला कुणी तयार नव्हतं, सगळी वस्ती खळ्यात वाकळा टाकून झोपायची. तिथंच त्यांची आई बाळंत झाली. आधार कार्डावर काय आहे, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, “एक जून.”

मी वही काढली. “मावशी, पाचवा दिवस म्हणजे भूकंपाचा दिवस धरून की सोडून?”

“म्हंजी?”

“धरला तर १५ डिसेंबर. सोडला तर १६.”

“ते आईलाच ठावं. ती जाऊन धा वर्सं झाली.” थोडा वेळ पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. “पंधराला काय हाय तुमच्या वहीत?”

“सरदार पटेलांची पुण्यतिथी.”

“आन सोळाला?”

“विजय दिवस. १९७१ चं युद्ध आपण जिंकलं तो.”

“मग सोळा लिवा,” त्या म्हणाल्या. “पुण्यतिथीला कशाला.”

दोन छापील पुराव्यांचा माझा नियम होता. इथं एकही नव्हता. १६ तारखेला विजय दिवसाच्या खाली मी पिवळ्या खडूनं एक ओळ लिहिली, आणि मुलं वाचत होती तेव्हा मावशी आत तांदूळ निवडत बसल्या होत्या, दार मात्र उघडं ठेवून.