चहा घेणार का, असं मी का विचारते

प्रश्न असा आहे: "तुमच्याकडे आलं की तुम्ही 'चहा घेणार का?' असं विचारता, आणि 'नको' म्हटलं की खरंच ठेवत नाही. असं का?" भिशीत विचारून झालं, नणंदेने विचारलं, नागपुरात महाल भागातल्या मामींनी तर लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं, "बाप्पा, पाहुण्याले का कोणी असं विचारते?" दरवेळी मी हसून वेळ मारून नेली. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आता एकदाच सविस्तर सांगते.

मी कंजूष नाही. हे आधी सांगावं लागतं, कारण प्रश्नाच्या पोटात तेच असतं. मे महिन्यात दुपारी कोणी दार वाजवलं तर पाणी मीही न विचारताच आणते, सोबत गुळाचा खडा असतो, कूलर त्याच्याकडे वळवते. ४५ अंशांतून आलेल्या माणसाला "पाणी हवंय का?" म्हणणारी मी अजून झालेली नाही. पाण्यावरून आपलं भांडण नाहीच. ते चहापासून पुढे सुरू होतं.

आणि मला "तिकडच्या लोकांसारखी" म्हणू नका, कारण तिकडचे लोक असे एका साच्यातले नसतात. मे २०२२ मध्ये स्वीडनची ती गोष्ट जगभर फिरली होती, की खेळायला आलेल्या मित्राला खोलीत बसवून घरचे लोक जेवून घेतात. आपल्या फॅमिली ग्रुपवर ती इतक्या जणांनी मला पाठवली, जसं काही स्वीडन माझं सासरच. मी राहत होते आइंडहोवनला, नेदरलँड्सच्या दक्षिणेला, ब्राबांत प्रांतात. तिथली माणसं स्वतःला उत्तरेकडच्यांपेक्षा ऐसपैस समजतात. खेड्यांत तर ओळखीचं माणूस मागच्या दाराने सरळ आत येतं. हे सांगायला लागले की समोरच्याचं लक्ष उडतं. लोकांना बिस्किटाची गोष्ट हवी असते.

ती गोष्ट पसरवली मात्र मीच. नवीन नवीन असताना कोणाकडे कॉफीला गेलो की डबा उघडायचा, माणशी एक बिस्कीट मिळायचं, झाकण बंद. फोनवर आईला, सुट्टीत आले की मावश्यांना, मी हे अभिनयासकट सांगायची. झाकण लागल्याचा आवाजसुद्धा काढायची. सगळे पोट धरून हसायचे आणि शेवटी कोणीतरी म्हणायचं, कितीही पैसा असला तरी मन नाही. मीही मान डोलवायची.

तेव्हाच्या त्या मुलीशी, म्हणजे माझ्याशीच, मला आता वाद घालायचा आहे. तिला दिसलं नव्हतं ते असं. ती माणसं संध्याकाळी ६ वाजता जेवतात, दिवसातलं गरम जेवण तेवढं एकच. बटाटे माणसं मोजून उकडायला टाकतात, मांसाचा तुकडा माणशी एक. पावणेसहाला कोणी टपकलं तर तुकड्याचे दोन करायचे कसे? आपल्याकडे वरणात तांब्याभर पाणी वाढवलं, भाताला थोडं वाढीव आधण ठेवलं की दोन माणसं सामावतात. त्यांचा स्वयंपाक मोजून होतो, आपला अंदाजाने. त्यात मनाचा मोठेपणा किती आणि वरणाचा किती, हे मी तेव्हा तपासलं नव्हतं. शिवाय ते एक बिस्कीट त्यांनाही ठाऊक आहे, त्यावर ते स्वतःच विनोद करतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने युरोपला दिलेल्या मार्शल मदतीच्या काळात तिथले पंतप्रधान विलेम ड्रेस यांच्या घरी अमेरिकी पाहुण्याला चहासोबत एकच मारी बिस्कीट मिळालं, आणि या देशाला दिलेला पैसा वाया जाणार नाही अशी त्याची खात्री पटली, ही दंतकथा तिथे अभिमानाने सांगतात.

पण त्या मुलीकडेही मुद्दे आहेत. ती मला म्हणते, मोजून रांधणाऱ्याला एक तुकडा जास्त आणायला कोणी अडवलं होतं? याला माझ्याकडे उत्तर नाही.

आता आईचं सांगते. बिस्किटाच्या पुढे मी कधी जात नाही ते याच्यामुळे.

२००९ मध्ये मुलगा झाला तेव्हा आई बाळंतपणाला आली. इतवारीतून आणलेला डिंक, खारीक, गोडंबी, अर्धी बॅग त्यानेच भरलेली. तिथे बाळंतिणीच्या घरी पहिला आठवडाभर एक नर्स येते, आरोग्यविम्यातून. आईला वाटलं होतं, ही आपल्या कामात लुडबुड करेल. पण दोघींचं जमलं. नर्स बाळाच्या पाळण्यात गरम पाण्याची बाटली ठेवायची, आई ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवायची, दोघी एकमेकींना माना डोलवून शाबासकी द्यायच्या. जमलं नाही ते पाहुण्यांशी. तिथे बाळाच्या जन्माचं कार्ड पोस्टाने पाठवतात. आमच्या कार्डावर खाली छापलं होतं की दुपारी १ ते ३ बाळ-बाळंतीण विश्रांती घेतात, येण्याआधी फोन करावा. आईने एक कार्ड हातात घेऊन वाचून घेतलं आणि म्हणाली, "हे नागपूरला पाठवू नको."

शेजारच्या बाई बाळ बघायला येणार होत्या. साठीच्या, निवृत्त शिक्षिका, मूळच्या हार्लेमच्या. दीड आठवडा आधी त्यांनी गुरुवारची साडेतीनची वेळ ठरवून घेतली. "बाळ बघायला तारीख?" आई म्हणाली, पण तारीख मिळाल्यावर तयारीला लागली. तुर्की दुकानातून सांबाराच्या मोठाल्या जुड्या आणल्या. (पुणेकरांसाठी: कोथिंबीर.) सकाळपासून सांबारवड्या. पोहे. डिंकाचे लाडू, शेव, फळं कापून. आमचं टेबल लहान होतं, इस्त्रीचं टेबल शेजारी लावून त्यावर चादर घातली.

नोव्हेंबरचा पाऊस होता. बाई साडेतीनला आल्या, आईचंही अभिनंदन केलं, भेट दिली. आईने ती रीतीप्रमाणे न उघडता कपाटावर ठेवली. बाई कपाटाकडे बघत राहिल्या, कारण तिथे भेट देणाऱ्यासमोरच उघडतात. मी उघडली. इथपर्यंत ठीक. तिथल्या रीतीने मी टोस्टवर निळ्या बडीशेपेच्या गोळ्या पेरून ठेवल्या होत्या, मुलगा झाला की निळ्या, मुलगी झाली की गुलाबी. बाईंनी तो टोस्ट खाल्ला. मग एक सांबारवडी खाल्ली, डोळे मिटून, मनापासून दाद दिली. आईने दुसरी वाढली. बाई "नको, थँक्यू" म्हणाल्या. आईने तरी वाढली, त्यांनी ती खाल्ली. मग आईने लाडू पुढे केला. बाईंनी ताटलीवर आडवा हात धरला. आपल्याकडे आडव्या हाताचा अर्थ काय असतो, मला सांगा? आईने हसत हसत हाताच्या बाजूने लाडू सरकवला. "लाजून राहिली आहे ती," मला म्हणाली.

बाईंनी लाडू उचलून टेबलावर ठेवला. रागाने नाही. माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, मी नको म्हणाले आहे. दोनदा म्हणाले आहे."

मी सांगितलं. फक्त तेवढंच सांगितलं असतं तर आज हे लिहिताना हात जड झाला नसता. मी म्हणाले, "आई, बस कर. तिला नकोय, कळत नाही का तुला?"

आईने बाईंकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. लाडू उचलला, ताटली उचलली, आत गेली. बाई आणखी पाऊण तास बसल्या, बाळाला मांडीवर घेतलं, छान गप्पा मारल्या, आईला आतल्या दारापर्यंत जाऊन निरोप दिला. त्यांच्या दृष्टीने काही घडलंच नव्हतं. एक गोष्ट नको होती, ती नको म्हणून झालं, विषय संपला. रात्री आई वड्यांचं उरलेलं पीठ झाकताना एवढंच बोलली, "वाढलेलं उचलायला लावलंस."

ज्यांना हे वाक्य कळतं त्यांना समजावायची गरज नाही.

त्यानंतर तिचा व्हिसा संपेपर्यंत जे जे पाहुणे आले, त्यांच्यासमोर ती बसली नाही. बेल वाजली की "तुझे लोक आले" म्हणायची आणि आतल्या खोलीत बाळाचे कपडे घडी घालायला बसायची. टेबलावर मग टोस्ट आणि कॉफी, माणशी एक.

आता तुम्ही म्हणाल, मग बाईंचं चुकलं. नाही, मी हे मान्य करत नाही. याच बाई पुढे सबंध वर्षभर दर मंगळवारी १० वाजता येऊन बाळाला गाडीत घालून तासभर फिरवून आणायच्या. पाऊस असो, बर्फ असो. मंगळवार म्हणजे मंगळवार, आणि ११ ला परत. त्या एका तासात मी झोपायची. माझं नागपूर असतं तर पहिल्या आठवड्यात वीस बायका घरात असत्या आणि तिसऱ्या महिन्यात कोण असतं, माहीत नाही. हे बोलणं अन्यायाचं आहे, मला ठाऊक आहे. आजी वारली तेव्हा आमच्या घरी चूल पेटली नाही ते सगळे दिवस वाड्यातून जेवण येत होतं, आणि कोणी वेळापत्रक केलं नव्हतं. दोन्ही मी पाहिलेलं आहे. पण त्या वर्षी मला झोप हवी होती, आणि ती मंगळवारी मिळायची.

या बाईंच्या आईने १९४४-४५ च्या हिवाळ्यात ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले होते. त्या हिवाळ्यात पश्चिम हॉलंडमध्ये उपासमारीने सुमारे २०,००० माणसं गेली. हे त्यांनी एकदा मंगळवारीच सांगितलं, बाळाला टोपी घालता घालता. मला वाटलं, अशा घरात नको असलेलं ताटात घेणं हा सभ्यपणा नसणार. पण हे मी जोडून घेतलेलं आहे, त्या तसं म्हणाल्या नव्हत्या.

आणखी एक कारण आहे, आणि ते हॉलंडचं नाही, महालातलंच आहे. बाबांचे मित्र दुपारी दीड-दोनला यायचे. न कळवता, हक्काने. आई जेवायला बसलेली असायची. ताट झाकून उठायची, स्टोव्ह पेटवायची, कांदा चिरायची. बाहेरून आवाज, "वहिनी, काही करू नका हो!" आणि करायला उशीर झाला की तोच आवाज जरा शांत. "अतिथिदेवो भव" तैत्तिरीय उपनिषदात आहे. देवाचा नैवेद्य मे महिन्याच्या दुपारी कोणी शिजवायचा, ते त्यात दिलेलं नाही. "नको नको" म्हणणारे ते काका खरोखर नको म्हणत असते आणि आईने ते खरं धरलं असतं, तर ती गरम जेवली असती. मी "घेणार का?" विचारते त्यात हे सुद्धा आहे. नको असेल तर नको म्हणा. मला बसू द्या, तुमच्याशी बोलू द्या.

हे मी आईला एकदा ऐकवलं. २०१९ ला परत आल्यावर, मोठ्या तावातावाने. ती म्हणाली, "मला कोणी विचारलं होतं का, की तुला त्रास होतो का? मला आवडायचं." मी म्हणाले, तुला आवडायचं असं तुला वाटायचं. ती म्हणाली, "हे तू कशावरून ठरवतेस?" यावर मी काय बोलणार! तिच्यासाठी मी जो राग साठवला होता, तो तिला नकोच होता. तो आग्रहाने वाढत मात्र मी राहिले.

आणि हे कोणी विचारत नाही, तरी सांगते. परत आल्यावर पहिल्यांदा माहेरी गेले, चप्पल काढून आत आले, तर आई उठली आणि म्हणाली, "चहा घेशील का?" उत्तराची वाट बघत उभी राहिली. मला वाटलं, चेष्टा करतेय. नव्हती करत. शेजारच्या काकू आल्या की ती आधण ठेवूनच बोलायला बसते, जावयाला आजही तिसरी पोळी न विचारता वाढते. विचारते फक्त मला. मी एकदा "असं काय विचारतेस?" म्हटलं, तर म्हणाली, "तुला तसं चालतं नं." त्यात टोमणा होता की माझी सोय पाहणं होतं, मला ओळखता येत नाही. मी "हो" म्हणते, दरवेळी, प्यायचा नसला तरी.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. मी विचारणं सोडणार नाही. तुम्ही "नको" म्हणालात तर ते खरं मानेन. तुमच्या मनाला ते लागतं हे मला कळतं, आणि तरीही. तुम्ही आग्रहाने वाढलेलं मी मात्र मुकाट खाईन, त्यात माझं तत्त्व वगैरे आणणार नाही.

फक्त सध्या एक घोळ झाला आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई माझ्याकडेच आहे, प्रतापनगरला. त्यामुळे मी बाहेर तुम्हाला विचारत असेन आणि आतून आल्याच्या खलबत्त्याचा आवाज आला, तर तो चहा माझा नाही. त्याला नको कसं म्हणायचं ते तुम्ही आणि ती पाहून घ्या, मी मध्ये पडणार नाही.