स्टीलर्स की पायरेट्स? तुम्ही विचारलंत म्हणून

पिट्सबर्गला शिकायला आलेली मराठी मुलंमुली दर वर्षी गणपतीच्या कार्यक्रमात, नाहीतर पेन हिल्सच्या वेंकटेश्वर मंदिरात भेटतात. खोली, वाणसामान, बस हे विषय आटोपले की एक प्रश्न ठरलेला असतो: "काकू, इथं राहायचं तर टीम कुठली धरायची?" मी पायरेट्सच्या, म्हणजे इथल्या बेसबॉल संघाच्या, सामन्यांना जाते हे कुणी सांगितलं, की लगेच दुसरा: "पण ते तर कायम हरतात ना? मग स्टीलर्स सोडून तिकडे कशाला?" मंदिरात ताटकळत उभं राहून याचं उत्तर देता येत नाही. म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

स्टीलर्सना, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या संघाला, धरावं लागत नाही, इथली हवाच तुम्हाला त्यांचं करते. सप्टेंबरात रविवारी दुपारी एकला सामना असला की दुकानं ओस पडतात. आमच्या मंडळात कार्यक्रमाची तारीख ठरवताना पंचांगाच्या जोडीला स्टीलर्सचं वेळापत्रक उघडलं जातं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. काळा आणि सोनेरी हे शहराच्या झेंड्याचे रंग, फुटबॉल, बेसबॉल, आइस हॉकी या तिन्ही संघांचेही तेच. एक काळा टीशर्ट घेतलात तर वर्षभर निभावतं.

हा जिव्हाळा आला कुठून, ते समजून घ्यायला हवं. 1933 साली स्थापन झालेल्या या संघानं पहिली चाळीस वर्षं काही म्हणता काही जिंकलं नव्हतं. 23 डिसेंबर 1972 रोजी रेडर्सविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत, कुणाला तरी आपटून उडालेला चेंडू फ्रँको हॅरिसनं जमिनीला टेकायच्या आत उचलला आणि धावत सुटला. प्लेऑफमधला हा त्यांचा पहिला विजय. ते स्टेडियम कधीच पाडलं, पण त्या झेलाच्या जागेची खूण फुटपाथवर जपून ठेवली आहे. मग 1974 ते 1979 या सहा हंगामांत चार सुपर बोल, म्हणजे फुटबॉलची चार विजेतेपदं. नेमक्या त्याच सुमारास पोलादाचे कारखाने गडगडू लागले. होमस्टेडचा अवाढव्य कारखाना 1986 मध्ये बंद पडला. माणसं पोटासाठी टेक्सास, फ्लोरिडाकडे गेली आणि जाताना संघ बरोबर घेऊन गेली. परक्या मैदानातही पिवळे टॉवेल फिरताना दिसतात ते त्यामुळे. त्या टॉवेलची कल्पना मायरन कोप या समालोचकाची, 1975 ची. 1996 मध्ये त्यानं टॉवेलचे हक्क मतिमंद व्यक्तींसाठी काम करणाऱ्या अ‍ॅलेघेनी व्हॅली स्कूलला देऊन टाकले. म्हणून जर्सी परवडली नाही तरी टॉवेल घ्याच, असं मी सगळ्यांना सांगते.

आता माझं मत. ते इथल्या माझ्या शेजाऱ्यांना आवडत नाही.

1969 ते 2025 या काळात स्टीलर्सचे मुख्य प्रशिक्षक फक्त तीन: चक नोल, बिल कावर, माइक टॉमलिन. टॉमलिनच्या 2007 पासूनच्या एकोणीस हंगामांत विजयांपेक्षा पराभव जास्त, असं एकदाही झालं नाही. ही गोष्ट इथं अभिमानानं सांगितली जाते आणि अभिमान वाटावा अशी ती आहेही. पण प्लेऑफमधला त्यांचा शेवटचा विजय जानेवारी 2017 मधला, कॅन्सस सिटीविरुद्ध 18-16. पुढच्या नऊ हंगामांत बहुतेक वेळा नऊ-दहा सामने जिंकायचे, प्लेऑफचा उंबरठा गाठायचा आणि तिथं मार खायचा. वाईट हरत नाहीत, म्हणून ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात जिथं सगळ्यात हरलेल्यांना आधी पाळी मिळते, वरचा क्रमांक मिळत नाही. वरचा क्रमांक नाही, म्हणून बेन रॉथलिसबर्गर निवृत्त झाल्यापासून धड क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा मुख्य खेळाडू, सापडत नाही. मग उतरत्या वयाचा कुणीतरी आणायचा, 2024 मध्ये रसेल विल्सन, 2025 मध्ये एकेचाळिशीचा अ‍ॅरन रॉजर्स, आणि पुन्हा नऊ-दहा. मुंबईच्या रणजी संघाला खडूस म्हणायचे ते कौतुकानं, कारण तो खडूसपणा करंडक आणायचा. इथं खडूसपणा उरलाय, करंडक 2008 च्या हंगामानंतर आलेला नाही.

पायरेट्सचं दुखणं वेगळं, आणि त्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे.

आधी पैशाचं. आयपीएल बघणाऱ्यांना हे चटकन कळेल. 2025 च्या लिलावात सगळ्या फ्रँचायझींची पर्स सारखीच होती, 120 कोटी. एनएफएलमध्येही, म्हणजे स्टीलर्सच्या फुटबॉल लीगमध्ये, तसंच. राष्ट्रीय टीव्हीचा पैसा 32 संघांत सारखा वाटला जातो आणि पगारावर सगळ्यांना एकच कमाल मर्यादा, 2025 मध्ये 28 कोटी डॉलरच्या आसपास. म्हणून पिट्सबर्गसारखं आटत गेलेलं शहर न्यूयॉर्कच्या बरोबरीनं उभं राहू शकतं. बेसबॉलमध्ये अशी पक्की मर्यादा नाही. 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्सचा पगारखर्च 30 कोटी डॉलरच्या वर होता, पायरेट्सचा 10 कोटींच्याही आत.

म्हणजे बिचारे गरीब? मालकांचं म्हणणं तेच, आणि कित्येक वर्षं मलाही ते पटायचं. पण मिलवॉकी बघा. बाजारपेठ आपल्याहून लहान, आणि 2025 च्या साखळी सामन्यांत सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक विजय त्यांचे, 97. पायरेट्सचे 71. पैसा कमी असला तरी अक्कल वापरता येते, आणि पायरेट्सनी वापरलेल्या अकलेचा नमुना म्हणजे 2018. त्या जानेवारीत गेरिट कोल हा पिचर (बेसबॉलचा गोलंदाज) ह्यूस्टनला दिला, शहराचा लाडका अँड्रू मॅककचन सॅन फ्रान्सिस्कोला. जुलैत एकट्या ख्रिस आर्चरसाठी टॅम्पा बेला टायलर ग्लासनाउ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तीन तरुण देऊन मोकळे. कोलनं पुढे न्यूयॉर्ककडून साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा, पुरस्कार पटकावला, ग्लासनाउनं डॉजर्सकडून 2025 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं विजेतेपद. आर्चरकडून आपल्याला काय मिळालं हे इथल्या कुणाला विचारू नका, संध्याकाळ खराब होईल.

2025 च्या घरच्या पहिल्याच सामन्यात लोकांनी "टीम विका" अशा घोषणा दिल्या. मला त्या गैर वाटल्या नाहीत. हे मैदानही काही मालकांनी एकट्यानं बांधलेलं नाही. 1997 मध्ये विक्रीकर वाढवून स्टेडियम बांधायचा प्रस्ताव लोकांनी मतदानात फेटाळला होता. तरी नेत्यांनी आधीपासून गोळा होणाऱ्या एक टक्का करातून वाट काढली आणि 2001 मध्ये पायरेट्सचं आणि स्टीलर्सचं, अशी दोन्ही मैदानं उभी राहिली. अ‍ॅलेघेनी काउंटीत तुम्ही टीव्ही घेतलात की सात टक्के कर भरता, त्यातला हा एक टक्का. त्यामुळे मैदानावर बसून ओरडायचा हक्क तुम्हाला पहिल्या खरेदीपासूनच मिळतो.

मग जायचं कशाला? एक कारण रोबेर्तो क्लेमेंते. पोर्तो रिकोहून आलेला हा खेळाडू अठरा हंगाम पायरेट्सकडूनच खेळला, बरोब्बर 3000 हिट काढल्या आणि 31 डिसेंबर 1972 रोजी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाणारं विमान कोसळून गेला. मैदानाची उजवीकडची भिंत 21 फूट उंच आहे, कारण त्याचा क्रमांक 21. पलीकडच्या पुलाला त्याचं नाव आहे. सामन्याच्या दिवशी तो गाड्यांना बंद करतात आणि सगळं शहर चालत नदी ओलांडतं. याच संघानं 1 सप्टेंबर 1971 रोजी सगळेच्या सगळे कृष्णवर्णीय आणि लॅटिन खेळाडू मैदानात उतरवले, लीगच्या इतिहासात प्रथमच. बाहेरून येऊन इथं घर करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा इतिहास ठाऊक असावा.

भारताशीही एक धागा आहे. 2008 मध्ये याच पायरेट्सनी रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं. त्याआधी दोघांनी बेसबॉल खेळलेलाही नव्हता. मुख्य संघापर्यंत कुणी पोचलं नाही, पण त्या वर्षी नागपूरहून माझ्या मामेभावाचा फोन आला होता, "तुमच्या टीमनं आपली पोरं घेतली म्हणे." तोवर त्याच्या लेखी मी अमेरिकेत नेमकी कुठं राहते हेच स्पष्ट नव्हतं.

दुसरं कारण माझं स्वतःचं. सलग वीस हंगाम, 1993 ते 2012, हा संघ पराभवांच्या बाजूलाच राहिला. अमेरिकेतल्या कुठल्याच मोठ्या खेळात असा विक्रम दुसरा नाही. त्यानंतर 1 ऑक्टोबर 2013 च्या रात्री सिनसिनाटीविरुद्ध प्लेऑफचा सामना झाला. सगळं मैदान काळ्या कपड्यांत, आणि समोरच्या पिचरचं नाव लांबवून लांबवून पुकारत होतं: "क्वेऽऽटो." त्याच्या हातातून चेंडू निसटून पडला. पुढच्याच फेकीवर आमच्या रसेल मार्टिननं होमरन, म्हणजे आपला षटकारच, मारला. आम्ही 6-2 जिंकलो. स्टीलर्सच्या कुठल्याही विजयानं माझा घसा असा बसलेला नाही. 2015 मध्ये 98 सामने जिंकूनही एका रात्रीत बाहेर पडलो, आणि तेव्हापासून 2025 पर्यंत पुन्हा वाळवंट.

वाळवंटात एक झाड मात्र आलंय, पिचर पॉल स्कीन्स. 2025 मध्ये सहकाऱ्यांच्या चुकांनी गेलेल्या सोडून नऊ इनिंगमागे त्यानं सरासरी दोनपेक्षाही कमी धावा दिल्या, साय यंग पुरस्कार एकमतानं मिळवला, आणि त्याच्या नावावर विजय दहा, पराभवही दहा. त्याच्या पाठीशी कुणी धावाच काढल्या नाहीत तर तो बिचारा काय करणार! सेवेची सहा वर्षं पूर्ण झाली की तो हवा तिथं जायला मोकळा, आणि तोवरही आपली माणसं त्याला ठेवतील याची हमी मी देत नाही. म्हणून घाई करा.

तिकीट काढाल तर तो पिच करणार असेल त्या दिवसाचं काढा, पाच-सहा दिवसांनी त्याची पाळी येते. एप्रिलमध्ये जाड जाकीट न्या. डाउनटाउनहून नॉर्थ साइडपर्यंत ट्राम फुकट आहे, पार्किंगला पैसे घालू नका. तिसऱ्या बेसच्या बाजूला वरच्या मजल्यावर स्वस्तात जागा मिळते आणि नदीपलीकडचं सगळं शहर समोर दिसतं. पाचवी इनिंग संपली की पिरोगीच्या वेशातली माणसं शर्यत लावतात. पिरोगी म्हणजे बटाटा भरून उकडलेली करंजी, शाकाहारी मुलांनी तीच खावी.

आणि स्टीलर्सचं म्हणाल, तर सीझन तिकिटांसाठी लोक वर्षानुवर्षं प्रतीक्षा यादीत असतात. तुमच्यापैकी कुणाच्या ऑफिसात एखादं जादा तिकीट फिरताना दिसलं, तर वर लिहिलेलं सगळं विसरा आणि आधी मला फोन करा.