अॅटिकची नोंद : खिळ्यांवरचा बर्फ

कडाक्याची थंडी पडून गेली आणि एक-दोन दिवस ऊब आली, की जिन्यावरच्या छताला तपकिरी डाग पडायचे. मिनिआपोलिसमधलं आमचं घर 1950 च्या दशकातलं. मूळचा कोकणातला मी. गळतंय म्हटलं की कौलं शाकारायची, एवढंच ठाऊक. इथेही शिंगल, म्हणजे इथली कौलं, बदलायलाच निघालो होतो. बरं झालं, आधी टॉर्च घेऊन अॅटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, चढलो.

शिंगलांच्या खिळ्यांची टोकं फळ्यांतून आत आलेली असतात. त्या प्रत्येक टोकावर पांढऱ्या बर्फाचा गोंडा होता. बोट लावलं तर भुसभुशीत चुरा हातात आला. असे शेकडो गोंडे उबेत एकदम वितळून टपटपत होते. बाहेरून थेंबही आत येत नव्हता!

खिळ्यांवर गोठत होती ती घरातून फटींवाटे वर गेलेली वाफ, आमचीच. कुकर, आंघोळी, घरात दोरीवर वाळणारे कपडे. मीटर 45 टक्के आर्द्रता दाखवत होता. 21 अंश सेल्सियसची अशी हवा साधारण 9 अंशांनाच घाम सोडते, आणि खिळे तर शून्याच्या कितीतरी खाली.

त्या फटी शोधून बुजवण्यात दोन शनिवार-रविवार गेले. माळ्यावर पसरलेलं इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) जिथे काळवंडलंय तिथे खाली भोक असणारच, कारण वर जाणाऱ्या हवेतली धूळ त्यात अडकते. ही खूण फार उपयोगी पडली. प्लंबिंगच्या पाइपाभोवती तर मूठ जाईल एवढी फट होती, ती फोमने बुजवली. चिमणीभोवती मात्र फोम चालत नाही. तिथे पत्रा आणि आगीला टिकणारं सीलंट. अॅटिकच्या झाकणाला रबरी पट्टी लावली. सगळ्यात संताप आला तो बाथरूमच्या पंख्याचा. त्याचा डक्ट, म्हणजे हवा बाहेर नेणारी नळी, अॅटिकमध्येच उघडा सोडलेला! आता इन्सुलेटेड डक्टने तो थेट छताबाहेर काढलाय.

मग सॉफिटमधून, म्हणजे छपराच्या पुढे आलेल्या कडेखालून, येणारी हवा अडू नये म्हणून कडेला बॅफल (हवेची वाट मोकळी ठेवणारे आडोसे) लावले, आणि शेवटी सेल्युलोज, म्हणजे कागदाच्या चुऱ्याचं इन्सुलेशन, आर-49 साठी साधारण 14 इंच (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप). मंडळी, हा क्रम चुकवू नका. फटी तशाच ठेवून नुसतं इन्सुलेशन वाढवलं तर अॅटिक आणखी गार पडतं, वाफ येतच राहते, आणि बर्फ उलट वाढतो.

कपडे आता ड्रायरमध्ये, कुकर लावला की चुलीवरचा पंखा चालू. कडक थंडीत मीटर 30 च्या खाली ठेवतोय, कारण खिडक्यांच्या कडांना पाणी धरलं की तेवढंही जास्तच.

काल 15 सेंटिमीटर बर्फ पडला. पूर्वी बाथरूमच्या वर छत उघडं पडायचं. तिथला बर्फ वितळून पन्हळीपाशी पुन्हा गोठायचा आणि त्यामागे पाणी तुंबायचं. आज सकाळी छतभर सारखा थर होता. अॅटिकमधले बहुतेक खिळे कोरडे. उत्तरेच्या कोपऱ्यात अजून सात-आठ गोंडे दिसतात. तिथे भिंतीच्या माथ्याची फट बुजवायची राहिलीय, शनिवारी सरपटत तिथवर जाणार आहे.