लेप्रेकॉनवर संशय घ्यावा का?

आयर्लंडमधील लहानशा गावांत घडणाऱ्या हलक्याफुलक्या रहस्यकथा मी आवडीने वाचते, हे ज्यांना ठाऊक आहे ते मला हमखास एकच प्रश्न विचारतात: गोष्टीत पऱ्या, लेप्रेकॉन (सोने पुरून ठेवणारे बुटके) आणि बॅन्शी (मृत्यूपूर्वी टाहो फोडणारी परलोकीची बाई) आल्यावर रहस्य उरते कुठे? माणसाला जे जमणार नाही ते परीने केले, असे म्हटले की लेखक सुटला आणि वाचक फसला. शंका रास्त आहे आणि जुनीही. इंग्रज पाद्री आणि रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथाकारांसाठी ज्या दहा आज्ञा लिहिल्या, त्यांतील दुसरीच आज्ञा अलौकिक शक्तींना हद्दपार करणारी होती.

विचारणाऱ्यांना मी सांगते: या प्रकारातल्या चांगल्या लेखकांना ती आज्ञा मोडावीच लागत नाही, कारण त्यांच्या कथेत परी हे गुन्ह्याचे उत्तर नसते, ती गावाची सबब असते.

आयर्लंडमधील शेतांत मातीचे गोल बांध दिसतात. सुमारे हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी कुटुंबांच्या वस्तीची ही कुंपणे, आणि अशा चाळीस हजारांहून अधिक जागांची नोंद झालेली आहे. लोकांनी त्यांना पऱ्यांचे किल्ले मानले आणि कित्येक ठिकाणी नांगर त्यांना वळसा घालून गेला. रहस्यकथाकाराला आणखी काय हवे? गावाच्या शिवारातच अशी एक जागा आहे, जिथे पिढ्यान्‌पिढ्या कोणी कुदळ मारलेली नाही. तिथली माती एके सकाळी उकरलेली दिसली, तर हे काम परगावच्या माणसाचे असेल, किंवा ज्याला पऱ्यांहून पोलिसांचे भय अधिक आहे अशा गावकऱ्याचे.

ही श्रद्धा केवळ पुस्तकी नाही. काउंटी क्लेअरमधील लाटून येथे महामार्गाच्या कामात हॉथॉर्नचे एक काटेरी झुडूप आडवे येत होते. मन्स्टर प्रांताच्या पऱ्या कॉनॉट प्रांताच्या पऱ्यांशी लढताना याच झुडपापाशी जमतात, ते तोडल्यास रस्त्यावर अनर्थ होतील, असे कथेकरी एडी लेनिहान यांनी १९९९ मध्ये जाहीरपणे सांगितले, आणि झुडूप वाचले. २००२ मध्ये कोणीतरी त्याच्या फांद्या छाटून टाकल्या. तरी ते पुन्हा फुटले. एखाद्या कल्पित गावात हेच घडवले, तर पहिले प्रकरण तयार झाले म्हणून समजावे: मेलेले कोणी नाही, पण गाव हादरले आहे आणि जो तो शेजाऱ्याच्या घरातील करवत आठवतो आहे.

शिवाय आयरिश लोककथांतील ही मंडळी नियमांना पक्की असतात. एका जुन्या कथेत एक माणूस लेप्रेकॉनला पकडून, सोने कोणत्या रोपाखाली पुरले आहे ते वदवून घेतो, खूण म्हणून त्या रोपाला आपल्या मोज्याचा तांबडा बंद बांधतो, तो सोडणार नाही असे वचन घेतो आणि फावडे आणायला घरी जातो. परत येऊन पाहतो तो शेतातील प्रत्येक रोपाला तसाच तांबडा बंद! वचन मोडलेले नाही, पुरावाही जागचा हललेला नाही. त्याच्यासारखे हजार पुरावे मात्र उभे राहिले आहेत. हीच युक्ती माणसाच्या हाती दिली की उत्तम कोडे होते. बॅन्शीचेही तसेच. ती कोणाला मारत नाही, ठरावीक जुन्या घराण्यांतील मृत्यूची वर्दी तेवढी देते. म्हणून नुकत्याच येऊन राहिलेल्या डब्लिनकर वकिलासाठी तिने रात्री टाहो फोडला, असे शेजारीण सांगू लागली, की जाणत्या वाचकाने त्या शेजारणीकडेच संशयाने पाहावे.

हिरवे टोपडे, इंद्रधनुष्य आणि चार पानांचा क्लोव्हर एवढ्यावर भागवणारी पुस्तके मी अर्ध्यावर सोडते. मला गावचा खरा कोतेपणा हवा असतो. शेजाऱ्याचे दैव आपल्याकडे ओढण्यासाठी त्याच्या गवतात चोरून अंडी ठेवण्याची करणी तिथे होती. त्या एका अंड्यावर अख्खी कादंबरी उभी राहू शकते.

ही सबब प्रत्यक्षात किती भयंकर ठरू शकते, हे १८९५ मध्ये आयर्लंडमधील टिपरेरीत दिसले. ब्रिजेट क्लिअरी हिला तिच्या नवऱ्याने जाळले, आणि ती आपली बायको नव्हतीच, पऱ्यांनी तिच्या जागी ठेवलेली दुसरीच कोणी होती, असे तो सांगत राहिला. त्या हकिकतीवर हलकीफुलकी कथा लिहिता येणार नाही, लिहूही नये. म्हणूनच या प्रकारातील शहाणे लेखक बळी निवडताना जपतात. माझ्या पसंतीचा बळी म्हणजे पऱ्यांचा किल्ला सपाट करून तिथे बंगले बांधू पाहणारा बिल्डर. तो गेल्याचे दुःख कोणालाच नसते, आणि तपासाला आलेल्या पोलिसाला पबमधील प्रत्येक जण, अगदी पाद्रीसुद्धा, शपथेवर सांगतो की हे पऱ्यांचेच काम आहे.