एक ‘ऊन’ आणि दोन कर्ते

परवा रात्री भाचीचा फोन आला. गुरुवारी व्याकरणाची चाचणी, आणि ‘पुढील वाक्ये जोडून एक वाक्य करा’ या प्रश्नात तिचे दरवेळी 10 पैकी 5 जातात. “मावशी, तू दिवसभर लोकांची वाक्यंच दुरुस्त करतेस ना? मग मला शिकव.” मी मुद्रितशोधन करते. चुका काढणं आणि शिकवणं यांत किती अंतर आहे ते तिला कुठून ठाऊक असणार?

तिची वही पाहिली. पानभर ‘आणि’. ‘पाऊस पडत होता आणि आम्ही निघालो.’ याला चूक म्हणता येत नाही, पण पाऊस होता म्हणून निघालात की पाऊस असूनही निघालात? म्हटलं, एक तास ‘आणि’ बंद. आधी दोन वाक्यांचं एकमेकांशी नातं काय ते सांग, मग जोड. विरोध आहे? मग ‘पाऊस पडत होता, पण आम्ही निघालो’, हे संयुक्त. ‘जरी पाऊस पडत होता, तरी आम्ही निघालो’, हे मिश्र. आणि केवल वाक्य मागितलं असेल, तर विधेय एकच उरलं पाहिजे: ‘पाऊस पडत असूनही आम्ही निघालो.’ पाच शब्द. तिला हे शेवटचं फार आवडलं. आखूड असतं ते मुलांना आवडतंच.

मग ती सगळीकडे ‘असून’, ‘करून’मधला ‘ऊन’ हा प्रत्यय लावत सुटली. ‘मी दार उघडून मांजर पळाले.’ इथे मला नियम सांगायची संधी मिळाली: ‘ऊन’ लावलेली क्रिया आणि शेवटची क्रिया, दोन्हींचा कर्ता एकच हवा. दार मी उघडलं, पळालं मांजर. म्हणून ‘मी दार उघडताच मांजर पळाले’. ‘ताच’, ‘ताना’, ‘ल्यावर’ यांना दोन कर्ते चालतात, ‘ऊन’ला नाही. मी हे फार ठामपणे सांगितलं.

“मग ‘पाऊस पडत असूनही आम्ही निघालो’ कसं चालतं? पाऊस वेगळा, आम्ही वेगळे.”

उदाहरण माझंच होतं. मी म्हटलं, ‘असूनही’ची गोष्ट वेगळी, त्यात विरोध आहे. मग तिने ‘बांध फुटून पाणी शेतात शिरले’ काढलं. त्यात विरोधही नाही, आणि वाक्य तर अगदी सरळ आहे. जरा वेळ मागून घेतला. शेवटी इतकं जमलं की पहिली गोष्ट कुणी मुद्दाम केलेली नसेल, आपोआप घडली असेल आणि तिच्यातूनच दुसरी घडली असेल, तर कर्ते दोन असले तरी कानाला खटकत नाही. ‘दिवा विझून अंधार झाला’ चालतं. ‘मी दिवा विझवून अंधार झाला’ नाही चालत. वीस वर्षं हे मी नुसतं कानाने तपासत आले होते.

(जुन्या बखरींत हा ‘ऊन’ काय राबतो! येऊन, बसून, बोलून, निरोप देऊन, मग कुठे क्रियापद येतं. मराठीत विरामचिन्हं रुजवली ती मेजर थॉमस कँडी यांनी, 19व्या शतकात. त्याआधी वाचणाऱ्याला हात धरून पुढे न्यायचं बरंचसं काम असे प्रत्ययच करत असणार.)

आखूड करण्यात काय हरवतं तेही दाखवलं. ‘ज्या मुलीने चित्र काढले ती आजारी आहे’ याचं तिने ‘चित्र काढणारी मुलगी आजारी आहे’ केलं. छान, पण चित्र काढून झालंय, चाललंय की अजून काढायचंय? ‘णारी’ काळ गिळून टाकते. अशा वेळी दोन शब्द जास्त गेले तर जाऊ देत.

तपासायला तिला एक युक्ती दिली: जोडलेलं वाक्य परत सोडवून बघ. मूळची वाक्यं जशीच्या तशी निघाली तर जोड बरोबर.

दहा मिनिटांनी मेसेज. ‘तो सांगून गेला नाही’ सोडवलं की निघतं: तो गेला, त्याने सांगितले नाही. ‘तो उठून गेला नाही’ सोडवलं, तर तो गेलेलाच नाही! जोड तीच, ‘नाही’ही त्याच जागी. असं का?

काल सकाळपासून मुद्रितं बाजूला पडली आहेत. कागदावर मधोमध रेघ मारून दोन रकाने केलेत. सांगून, विचारून, भेटून हे एकीकडे. उठून, पळून, निघून दुसरीकडे. ‘छत्री घेऊन गेला नाही’ म्हणजे बहुधा तो गेला, छत्री राहिली. ‘चोर काही घेऊन गेला नाही’ म्हटलं की चोरही येऊन रिकाम्या हाती गेलेला दिसतो, पण ‘मला घेऊन गेला नाही’ यात तो गेला की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ‘घेऊन’ सध्या मधल्या रेघेवर आहे.