नाताळगीताची चाल आणि पाचवीचा वर्ग

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत मैदान, सहली आणि निकाल यांच्या आठवणी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. मी मात्र केवळ नाताळगीतांच्या स्पर्धेविषयी लिहिणार आहे, कारण आज मी संगीत शिकवते ते त्या स्पर्धेमुळे.

दिवाळीच्या सुटीपूर्वी मराठीच्या बाई आठवी आणि नववीच्या वर्गांना एक नवे नाताळगीत लिहून देत. सुटीत ज्याने त्याने त्याला स्वतःची चाल लावायची आणि शाळा उघडल्यावर ती भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत लिहून संगीताच्या सरांकडे द्यायची, असा शिरस्ता होता. दहावीत गेल्यावर शब्दही आपलेच लिहिण्याची मुभा मिळे. नियम थोडे होते, पण त्यांत सवलत नव्हती: चाल शक्यतो एका सप्तकात राहावी, ताल केरवा किंवा दादरा असावा आणि साथीला पेटी व तबला यांखेरीज काही नसावे.

खरी परीक्षा पुढे असे. स्पर्धक आपली चाल पाचवीच्या वर्गासमोर तीन वेळा गाऊन दाखवी. मग सर पेटीचा भाता बंद करत आणि मुलांना ती आपली आपण म्हणायला सांगत. ज्या ठिकाणी मुले अडखळत, तिथे सर वहीत पेन्सिलीने खूण करत. अवघड ताना घेऊन आलेल्या चाली तिथे गळून पडत आणि साधी, पण रेखीव चाल वर्गभर पसरत जाई. ज्याला सारी मंडळी मिळून गाणार आहेत, त्या गीताच्या रचनाकाराने आधी त्या मंडळींचा गळा ओळखला पाहिजे, हे त्या वर्गात जितके स्वच्छ कळले, तितके पुढे संगीताच्या कोणत्याही परीक्षेने शिकवले नाही.

बाईंचा कटाक्ष ऱ्हस्व-दीर्घावर असे. ‘उजेड’ या शब्दातला ‘उ’ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणून लांबवला की त्या तिथेच थांबवत, कारण ऐकणाऱ्याला ‘ऊजेड’ ऐकू येते आणि अर्थाआधी कानाला खटकते. नगरच्या मुलांना हे सांगण्याला एक विशेष कारणही होते. सुरुवातीच्या मिशनरी काळात मराठी उपासनेतली बरीच गीते विलायती चालींत बसवलेली भाषांतरे होती आणि त्या चालींखाली मराठी अक्षरांची ओढाताण होई. कृष्णराव सांगळे यांची ख्रिस्ती कीर्तने आणि त्यानंतर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची पदे व अभंग यांनी ती भक्ती मराठी छंदांत आणली. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि त्यांच्या आयुष्याचा मोठा कालखंड आपल्याच गावात गेला. त्याही आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात छापले गेले होते. येशूजन्माची कथा ओवीत सांगण्याची वाट इतकी जुनी आहे, हे बाईंनी सांगितले तेव्हा माझ्यासारख्या वारकरी घरातल्या मुलीला ती स्पर्धा परकी वाटण्याचे कारणच उरले नाही.

नववीच्या वर्षी मिळालेले गीत अभंगाच्या छंदात होते. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे ते चरण मी आजोबांच्या भजनात लहानपणापासून ऐकत आले होते, म्हणून चौथ्या, आखूड चरणानंतर मिळणारी उसंत कशी भरायची याचाच विचार मी सुटीभर केला. शेवटी ती जागा मी टाळकऱ्यांप्रमाणे समूहाला दिली आणि चाल भूप रागात बांधली. त्यात मध्यम आणि निषाद हे स्वर नसल्याने लहान गळ्यांना ती सोपी गेली. पाचवीच्या मुलांनी ती पेटीविना शेवटपर्यंत म्हटली, तेव्हा झालेल्या आनंदाची बरोबरी नंतरच्या कुठल्याच कार्यक्रमाने केली नाही. त्या वर्षीचा पहिला क्रमांक मात्र माझ्या वर्गातल्या एका मुलाचा होता. त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत आणि त्याच्या दादऱ्यात मिरवणुकीची अशी काही चाल होती की मुले बाकांवर ठेका धरू लागली. तो निकाल अगदी योग्य होता.

सर आम्हाला ऑस्ट्रियातल्या फ्रान्झ ग्रूबर यांची हकीकत सांगत. ‘सायलेंट नाइट’ला त्यांनी १८१८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी चाल दिली, ती दोन गळे आणि एक गिटार एवढ्यासाठी, आणि ते पेशाने शाळामास्तर होते, हे सांगताना सरांचा आवाज खुले. पुढे २०१४ पासून बीबीसी रेडिओ ३ ने एक कविता देऊन श्रोत्यांकडून नाताळगीताच्या चाली मागवायला सुरुवात केली, हे वाचले तेव्हा मला आपल्या शाळेचा अभिमान वाटला, कारण आपल्या बाई आणि सर हेच काम कितीतरी आधी करत होते.

व्यवस्थापनाला माझी विनंती आहे की संगीताच्या खोलीतल्या कपाटात त्या स्पर्धेच्या वह्या अजून असतील, तर त्यांतल्या निवडक चाली स्वरलिपीसह या वर्षी छापाव्यात आणि येत्या दिवाळीपूर्वी स्पर्धा पुन्हा सुरू करावी. वह्या उतरवून काढण्याचे काम मी आनंदाने करीन. पाचवीचा वर्ग मात्र शाळेने द्यावा.