मनगट आणि पिस्तूल
आज ह्यूस्टनमध्ये बायकोला घेऊन शूटिंग रेंजवर गेलो होतो, तिच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झाल्यापासून हातात जोरच नाही, पोळ्या लाटतानाही कण्हते बिचारी. मला आपलं वाटायचं छोटी हलकी रिव्हॉल्व्हर म्हणजे सोपं काम. साफ चूक! पिस्तुलासारखी स्लाइड (गोळी भरायला मागे ओढायचा वरचा भाग) ओढायची नसते हे खरं, पण ट्रिगर दाबायला १०-१२ पौंडांचा जोर लागतो आणि बंदूक हलकी म्हणून झटका थेट मनगटात. पिस्तुलाची भानगड वेगळीच, मनगट सैल पडलं की स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि काडतूस अडकतं. शेवटी २०१८ ला आलेली स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझी पिस्तूल भाड्याने घेतली, .३८० कॅलिबरवाली, तिची स्लाइड मॅडमनी एकटीने ओढली आणि आठच्या आठ गोळ्या कागदावर. माझ्या दोन बाहेर गेल्या, ते घरी येईपर्यंत ऐकतोय😅